लिंबाजीअण्णांचा कान

लिंबाजीअण्णांकडं माउथ ऑर्गन दुरुस्तीला न्यायचा तर आधी मनाची तयारी करावी लागायची. कारण अण्णा बाजा उघडायचे तो मालकाच्या समोरच. बारके स्क्रू काढले, वरचं पत्र्याचं झाकण बाजूला ठेवलं, की आतला एकेक कण चिमट्यानं उचलून ते पांढऱ्या कागदावर मांडत. "ही बडीशेप. हे पोह्यातलं जिरं. ही तंबाखू." ओट्यावर बसलेली चार माणसं वाकून बघायची आणि ज्याचा बाजा तो मान खाली घालायचा.

एकदा एक नवा जावई सासऱ्याला घेऊन आला होता. सासरा कौतुकानं सांगत होता, आमच्या जावयाला साध्या सुपारीचंही व्यसन नाही. अण्णांनी झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं आणि गुटख्याचा भिजून फुगलेला तुकडा चिमट्यात धरून सासऱ्यापुढं केला.

"व्यसन न्हाई, बरोबर हाय. हा बाजाच खात असंल."

जावई चूळ भरायला म्हणून नळावर गेला तो परत आलाच नाही. सासऱ्यानं उघडा बाजा रुमालात गुंडाळला आणि तोही निघाला. अण्णा समाधानानं म्हणाले, "पोरगी दिल्यावर तपासायला आलंय बेनं."

हे सगळं माजलगावात, अण्णांच्या घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. अण्णा साखर कारखान्यात टर्नर होते. लेथवर उभं राहून केसाएवढा फरक बोटानं ओळखण्यात त्यांची सारी नोकरी गेली. तिथल्याच एका इंजिनिअरचा बंद पडलेला बाजा त्यांनी गंमत म्हणून उघडला आणि दुरुस्त केला, तिथून हे खूळ लागलं. निवृत्त झाल्यावर खूळ हेच काम झालं. नांदेड, जालना, लातूर, पार पुण्याहून त्यांच्याकडं बाजे यायचे. ते बाजे आणणारा आणि नेणारा मी.

मी बीएस्सी झालो, वर्षभर काही मिळालं नाही म्हणून माजलगावात एका कुरियरच्या ऑफिसात लागलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या परीक्षेलाही बसलेलं नाही. आई-वडील वडवणीकडचे, दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. हे मी लपवत नाही, उलट मिरवतो. पण अण्णांनी ते मला जितक्यांदा ऐकवलं तितक्यांदा मीही कुणाला ऐकवलं नसेल. त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "आला का बे बीएस्सी? उचल डबे."

अण्णांचा कान मात्र होता. तो मानावाच लागेल. बाज्याच्या आत पितळेच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर एका टोकाला जखडलेल्या पातळ पात्या. वारा लागला की पाती थरथरते आणि सूर निघतो. पातीचं मोकळं टोक जरासं खरवडलं तर सूर चढतो, जखडलेल्या बाजूला खरवडलं तर उतरतो. हे 'जरासं' म्हणजे किती, ते अण्णांना कान सांगायचा. सुईएवढी कानस दोन बोटांत धरून ते एकदाच ओढत, थांबत, ऐकत. लोकांचं उष्टं आपल्या तोंडाला लावणार नाही, हा त्यांचा नेम. म्हणून एका भजनी मंडळाच्या मोडक्या पेटीचा भाता काढून त्यांनी त्याला रबरी नळी जोडली होती. भाता दाबायचा, नळीतून वारा बाज्यात जायचा आणि अण्णा डोळे मिटून कान तिरका करायचे.

पात्यांची झीज पाहून ते न पाहिलेल्या माणसाबद्दल बोलत. "ह्याला दमा हाय. हा पडून वाजवतो. ह्याला एकच गाणं येतंय आन् तेबी अर्धं." मी पार्सलवरच्या नंबरावर फोन करून एकदोनदा खात्री केली. खरं निघालं. आणि खरं निघालं की अण्णा आणखी क्रूर व्हायचे. आपलं बरोबर असतं, मग ते गोड कशाला करायचं, असा त्यांचा हिशेब.

दुरुस्त बाज्याच्या डब्यात ते एक चिठ्ठी घालत. अक्षर छापल्यासारखं. एकाला लिहिलं होतं, 'बाजा वाजवायचा असतो, फुंकायची ती चूल.' दुसऱ्याला, 'वाद्य ठीक आहे. वादकाला सुटे भाग मिळत नाहीत.' लोक चिडायचे, शिव्या द्यायचे आणि पुढच्या वेळी बाजा पुन्हा अण्णांकडंच पाठवायचे. तसा कान दुसरीकडं नव्हता. अण्णांना त्या कामाचे पैसे फार मिळत नव्हते, ते मागतही नव्हते. शेत नाही, मूलबाळ नाही, नातेवाईक त्यांच्या जिभेला भिऊन येत नाहीत. कान हीच त्यांची इस्टेट. मराठवाड्यात बाज्याचा कान म्हणजे लिंबाजी, एवढं लोकांनी म्हणावं यासाठीच ते सकाळी उठत.

तहसीलमधून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून गावातच राहायचे. रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून ते बाजा वाजवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं वाटायचं. एक दिवस ते आले, म्हणाले, अण्णा, एक सूर लागत नाही हो. अण्णांनी बाजा भात्याला लावला, एकेक सूर ऐकला.

"बाजा निरोगी हाय. वाजवा."

कारकुनांनी वाजवायला घेतलं. जिथं चुकलं तिथं अण्णांनी चिमटा टेबलावर आपटला. टक. पुन्हा चुकलं, टक. शेवटी शेवटी सुरापेक्षा टकटकच जास्त झाली. ओट्यावरची माणसं आधी हसत होती, नंतर तीही गप्प झाली. कारकून थांबले.

"समदे दात पडल्यात तुमचे," अण्णा म्हणाले. "वारा कडेनं जातोय. बाजा ठिवून जावा, वाजवणारा मिळाला की देतो त्याला."

म्हातारा खरंच ठेवून गेला. त्यानंतर त्यांच्या दारावरून जाताना आतल्या टीव्हीचा आवाज तेवढा यायचा.

लातूरच्या एका बाईनं नवऱ्याचा बाजा पाठवला होता. नवरा वारलेला. तिनं लिहिलं होतं, गंज काढा, ते वाजवायचे तसा वाजला पाहिजे, माझा पुतण्या वाजवून दाखवणार आहे. अण्णांनी त्या बाज्यावर आठ दिवस घालवले. नव्या पात्या कापल्या, आतली लाकडी चौकट शिसवीची करून बसवली. एवढं सुंदर काम मी दुसरं पाहिलं नाही. आणि सोबत चिठ्ठी: 'तुमचे मालक चौथा सूर फार ओढत. तो कायमचा उतरलेला होता. सरळ केला आहे.' बाईचा फोन आला. त्या रडत होत्या. म्हणत होत्या, तो उतरलेला सूरच त्यांचा होता हो, त्याच्यावरनं मला आतल्या खोलीतनं कळायचं, हे वाजवतायत. अण्णांनी ऐकून घेतलं.

"वाकडं आठवायचं असंल तर फोटो बघा," म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं वळून, "रडतीया कावून? फुकट बरोबर करून दिलं."

माझे वडील एकदा माजलगावला आले होते. त्यांना घेऊन मी पार्सलं उचलायला गेलो. वडील खालच्या पायरीवर बसले. मोळ्या वाहून त्यांची मान कायमची पुढं आलेली. अण्णांनी विचारलं, काय करता? वडील म्हणाले, तोडीला जातो जी.

"म्हंजे तुमी मोळ्या वाहिल्या, पोरगं डबे वाहतंय," अण्णा म्हणाले. "वजन कमी झालं बघा. एवढं शिक्षण कामाला आलं."

ओट्यावर हशा झाला. वडीलही हसले. त्यांना वाटलं, पोराचं कौतुक चाललंय. परत येताना मला म्हणाले, "चांगला माणूस हाय. तुझ्या शिक्षणाचं बोलला."  पण अण्णांचं ते वाक्य माझ्या अंगात राहिलं, हे इथं सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं त्याला कुणी भाबडेपणा समजू नये.

घरात अण्णांच्या जिभेखाली रोज असायच्या त्या कौसाकाकू, त्यांची बायको. अण्णा त्यांना 'भैरी' म्हणत. लग्न होऊन आल्या त्या वर्षी अण्णांनी बाज्याचा एक सूर वाजवून विचारलं, कसा हाय? काकू म्हणाल्या, गोड हाय. "गोड? गूळ हाय का त्यो? भैरी कुठली!" तेव्हापासून तेच नाव. ए भैरे, चहा आण. ए भैरे, कानस कुठं गेली? काकू पहिल्या हाकेला कधी उठत नसत. त्यावरून अण्णा लोकांना सांगत, बघा, खरंच ऐकू येत न्हाई हिला.

उन्हाळा लागला की कॉलनीतल्या बाया माठ घ्यायला काकूंना बाजारात सोबत न्यायच्या. काकू बोटाच्या पेरानं माठावर टिचकी मारत आणि म्हणत, हा नको, हा नको, हा घे. वरून अखंड दिसणाऱ्या माठातली चीर त्यांना आवाजावरून कळायची. मी फिजिक्स शिकलेला माणूस. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं.

एकदा जालन्याचे दोघे वादक घरी आले होते. अण्णांनी त्यांच्या बाज्याचं काम नुकतंच संपवलं होतं. वरच्या पट्टीतले दोन सूर एकमेकांशी जुळवलेले. अण्णा रंगात होते. काकू चहाचे कप न्यायला दारात आल्या तशी त्यांनी भाता दाबला.

"ए भैरे, सांग बरं, दोन्ही सारखे हायत का?"

काकूंनी क्षणभर ऐकलं. "एक चढा लागतोय."

"चढा!" अण्णा मांडीवर थाप मारून हसले. "एका आईच्या पोटचे हायत दोन्ही. जा, तुझा कुकर बघ जा."

आम्ही सगळे हसलो. जालन्याच्या दोघांचं हसू जरा उशिरा आलं, पण आलं. काकू कप उचलून आत गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांत डबे परत यायला लागले. आधी एक आला. वरचे तीन सूर चढे आहेत, पुन्हा पाहावं. अण्णांनी भाता दाबून ऐकलं आणि तसाच परत पाठवला, 'कान तपासून घ्या' अशी चिठ्ठी घालून. मग दुसरा आला, तिसरा आला. तक्रार तीच, वरचे सूर. जालन्याच्या दोघांनी पाठवणंच बंद केलं. मी म्हणालो, अण्णा, मोबाइलवर सूर मोजायचं अॅप असतं, लावून बघायचं का? त्यांनी चिमटा माझ्या नाकासमोर नाचवला. "यंत्रानं सूर लागत असता तर लोकांनी गाणं मोबाइललाच शिकवलं असतं बे." त्यांचा स्वतःचा मोबाइल तेव्हा आत वाजत होता. काकूंनी तो आणून हातात दिला तेव्हा त्यांना कळलं.

अशात नांदेडच्या एका वादकाचा फोन आला. जुन्या सिनेमातल्या गाण्यांचे कार्यक्रम करणारा नावाजलेला माणूस. बीडला त्याचा कार्यक्रम होता. त्यानं आपले सहा बाजे अण्णांकडं पाठवले. त्यातल्या एका बाज्यात त्याला बदल हवा होता. एका गाण्यात कोमल सूर फार जलद येतो, तो एकाच श्वासात मिळावा अशी पात्यांची अदलाबदल. असलं काम म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. आणि त्यानं फोनवर सांगितलं, अण्णा, स्टेजवरून तुमचं नाव घेणार, तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजे.

अण्णांनी पांढरा सदरा शिवायला टाकला. कॉलनीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. कारखान्यातल्या जुन्या माणसांना फोन केले. महिनाभर त्या सहा बाज्यांवर बसले, आणि त्या महिन्यात कुणाला एक वाकडा शब्द बोलले नाहीत. आपलं नाव माइकवरून निघणार, भरल्या हॉलमध्ये, एवढंच त्यांच्या डोक्यात.

निघायच्या दिवशी काकू नेसून तयार होत्या. याआधी अण्णांच्या सोबत त्या कुठल्याच कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या.

"तू कुठं?" अण्णा म्हणाले.

"मी बी येते."

"तुला काय कळणार तिथलं?"

"बसायला येते," काकू म्हणाल्या.

आम्ही तिघं दुपारच्या एसटीनं बीडला गेलो. पहिल्या रांगेत खुर्च्या राखलेल्या होत्या. वादक चांगला होता. खालच्या सुरांत त्यानं हॉल बांधून ठेवला. मग ते गाणं आलं. अंतऱ्यात तो वर चढला आणि वरचा सूर असा निघाला, जसं फरशीवर ताट ओढावं. मला सुरातलं काही कळत नाही, पण माझेही दात आंबले. मागं कुणीतरी 'हाय हाय' केलं. वादकानं डोळे उघडले, बाजा बदलला. पुन्हा वर गेला. पुन्हा तेच. नेमक्या त्याच सुराला अण्णा माझ्या गुडघ्यावर हात मारून मोठ्यानं म्हणाले, "बघ! काय लावलाय!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. अण्णांना वाटलं, ओळखलं. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. वादकानं बाजा खाली ठेवला, माफ करा म्हणाला आणि उरलेलं गाणं कीबोर्डवाल्यानं ओढून नेलं. काकू समोर बघत सुपारी चघळत होत्या. अंतरा वर जायच्या वेळी त्यांनी पदर सावरून नीट बसून घेतलं होतं, हे मी पाहिलं होतं. पुढं काय होणार ते त्यांना ठाऊक होतं.

नाव कुणी घेतलं नाही. मध्यंतर झालं तसे अण्णा उठून स्टेजच्या मागं गेले. मी मागोमाग.

"विसरलात वाटतं," अण्णा हसत म्हणाले.

वादक ओशाळला. "अण्णा, वरचे सूर चढलेत. सहाही बाज्यांत."

"शक्य न्हाई."

"ऐका." त्यानं वाजवून दाखवलं.

अण्णांनी डोळे मिटले, कान तिरका केला. "बरोबर हाय की."

ढोलकीवाला फिस्सकन हसला. "म्हातारबा, कानातला मळ काढा आधी." वादकानं त्याला दटावलं आणि वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. "तुम्ही खूप केलंत अण्णा. आता आराम करा." टोमण्यानं अण्णांचं काही बिघडलं नाही. टोमणे त्यांच्या रोजच्या जेवणातले. पाया पडल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. बस भरलेली. चौकातून गाडी वळल्यावर म्हणाले, "माइक खराब होता हॉलचा."  पुन्हा म्हणाले, "काय बे बीएस्सी? माइकच खराब होता ना?"

मी 'हो' म्हणालो असतो तर माझं काही जात नव्हतं. हळू आवाजातही बोलता आलं असतं.

"माइक चांगला होता अण्णा," मी पुढच्या सीटवरच्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तुमचा कान गेलाय."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच निरोप पाठवला, यंत्र घेऊन ये. मी मोबाइल टेबलावर ठेवला. वादकानं परत दिलेला एक बाजा अण्णांनी भात्याला लावला. खालचे सूर वाजले, पडद्यावरची सुई मधोमध उभी राहिली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, जिंकल्यासारखं. मग वर सरकले. सुई हलली. आणखी वर सरकले. सुई उजवीकडं पडली आणि पडूनच राहिली. त्यांनी भाता पुन्हा दाबला. पुन्हा. मोबाइल उचलून झटकला आणि पुन्हा दाबला.

"खोटं यंत्र हाय," ते म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात सुपात डाळ घेऊन खडे वेचत होत्या. अण्णा वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काकूंना नावानं हाक मारली.

"कौसा. तू सांग. बरोबर हाय का न्हाई?"

त्यांनी भाता दाबला. तो सूर खोलीत बराच वेळ राहिला. काकूंनी मान वर केली नाही.

"मला कुठं ऐकू येतंय?" त्या म्हणाल्या. "मी भैरी."

अण्णांच्या हातातला भाता हळूहळू आपोआप मिटला.

मी निघालो तेव्हा काकू नळावर पाणी भरायला बाहेर आल्या होत्या. मी विचारलं, "काकू, तुम्हाला कधीपासून कळत होतं?"

"दोन वर्सं झाली. आदी एकच सूर चढायचा. मग वाढत गेला."

"मग सांगायचं ना त्यांना."

"सांगितलं की एकदा. जालन्याचे पाव्हणे होते." घागर भरली तशी त्यांनी नळ बंद केला. "तू बी हासला."

बीडच्या कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, वय आणि कारखान्यातला आवाज, दोन्ही मिळून वरचं ऐकणं गेलंय, येणार नाही. कानात घालायचं यंत्र दिलं. ते लावलं की अण्णांना सगळ्याच बाज्यांत पत्रा वाजल्यासारखा आवाज यायचा. त्यांनी ते काढून ठेवलं. ओट्यावर बसणारी माणसं येईनाशी झाली. ज्यांनी इतकी वर्षं टोचून घेतलं होतं त्यांनी आता गावभर अण्णांच्या नकला केल्या. डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, बरोबर हाय की. अव्वल कारकून तर ती नक्कल दात नसलेल्या तोंडानं करायचे. मीही ऑफिसात एकदा केली. चांगली जमली होती.

पुढं मला बीडच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. मी पेढे घेऊन अण्णांकडं गेलो. खरं सांगायचं तर पेढ्यांपेक्षा नोकरी दाखवायला गेलो होतो.

टेबल त्यांनी फिरवून घेतलं होतं. पूर्वी तोंड रस्त्याकडं असायचं, आता स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं. दारात काकू गहू निवडत बसल्या होत्या. अजून कुठून कुठून एखादा बाजा यायचा, ज्यांना काही कळलं नव्हतं अशांचा. तेव्हा टेबलावर होता तो गंगाखेडच्या एका शाळामास्तरांचा.

"आलास का," अण्णा म्हणाले. पेढा तोंडात टाकला, कुठं नोकरी, किती पगार, काही विचारलं नाही. त्यांनी भाता दाबला. पूर्वीसारखे डोळे मिटले नाहीत. डोळे उघडे, आणि काकूंच्या तोंडाकडं लावलेले. आवाज ऐकायचा सोडून ते बायकोच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ वाचत होते.

"हा कसा हाय गं?"

"उतरवा जरा," काकू गव्हाकडं बघत म्हणाल्या. अण्णांनी कानस ओढली. "आता?" "आता बरा हाय. फुडं." अण्णा पुढं सरकले. पुन्हा भाता, पुन्हा काकूंकडं बघणं, पुन्हा कानस. परीक्षेला बसलेल्या माणसासारखा घाम त्यांच्या कपाळावर आला होता.

मग शेवटचा, सगळ्यात वरचा सूर आला. तो चढा होता. इतका चढा, की मलाही कळला. काकूंचा गव्हातला हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, पण अण्णांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात पुन्हा चालू झाला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "झाका आता."

अण्णांनी सुस्कारा टाकला. झाकण बसवलं, पहिला स्क्रू लावला, दुसरा लावला. आणि मग मान वर करून मला विचारलं, विनवणीच्या जवळ गेलेल्या आवाजात, "लागलाय ना रे?"

काकू खडे वेचत होत्या.

"एक नंबर, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला.